एकनाथरावांच्या माहेरवाशिणी

मेधाचं ब्लडप्रेशर घरच्या घरी मोजता यावं म्हणून हेमंतनं एक उद्योग केला, आणि त्या उद्योगात त्याचं स्वतःचं ब्लडप्रेशर मोजण्याच्या पलीकडे गेलं.

मेधाला पाचवा महिना. ती सिकंदराबादला ऑफिसात, आणि हा मलकपेठच्या घरी लॅपटॉपसमोर. मेधानं आठवण म्हणून पुण्याहून आणलेलं डॉक्टर आजोबांचं पाऱ्याचं यंत्र त्यानं कपाटातून काढलं. पुसूनबिसून चकचकीत करावं, संध्याकाळी बायकोला चकित करावं, असा बेत. त्यानं काचेच्या नळीचं झाकण फिरवून काढलं आणि पेटी आडवी केली. पारा काय, वाटच बघत होता. एक गुबगुबीत चांदीचा लोळ फरशीवर पडला, फुटला आणि साबुदाण्याएवढे मणी होऊन सोफ्याखाली पळाला.

हेमंत सॉफ्टवेअरमधला माणूस. संकट दिसलं की यंत्र जोडायचं, ही सवय. त्यानं व्हॅक्यूम क्लीनर आणला, पिन लावली, आणि बटणावर बोट ठेवणार तोच दारातून आवाज आला.

"ठैरा! बटण नक्को!"

दारात शेजारचे एकनाथराव, हातात कढीपत्त्याची डहाळी. हेमंत दचकला तो आवाजानं. दोन वर्षांच्या शेजारात एकनाथरावांचा आवाज त्यानं पहिल्यांदाच धड ऐकला होता. एरवी हा माणूस इतक्या हळू बोले, की भाजीवाला त्यांना किलो-अर्धा किलो खुणेनं विचारी.

"तुमची मशीन गरम होते," एकनाथराव म्हणाले. "पारा ओढेल, त्याची वाफ करेल आणि घरभर फुंकेल. झाडू पण नक्को. पंखा बंद, खिडक्या उघडा. आणि हातातली अंगठी काढा, सोन्याला पारा चिकटतो. बाई कुठंय?"

"ऑफिसात. सहाला येईल."

"घरात पाऊल टाकायचं नाही तिनं."

"काका, थेंबभर तर आहे…"

"हौ. पण मी तीस वर्षं बाळंतपणं केलीत."

ते खरं होतं, फक्त बाळंतिणी उंदरिणी होत्या. एकनाथराव शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या प्राणीघरात नोकरीला होते. घराण्यात तीन पिढ्या वकील. हा एकटा उंदरांत रमला. गाभण उंदरिणींना मोठा आवाज सोसत नाही म्हणून हे हळू बोलायला शिकले, ते निवृत्त झाल्यावरही तसेच राहिले. नियम असा, की उंदरांना नंबर द्यायचा, नाव नाही. एकनाथरावांनी नंबर वहीत लिहिले आणि नावं तोंडात ठेवली. गंगू, चंपा, गोदी. "बाळंतपणाला आल्यात, म्हणजे माहेरवाशिणीच की!" त्यांच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा, त्यावर जन्माचा राग: "यांनी उंदरिणींची वजनं रोज घेतली. माझे डोहाळे काय होते, विचारा यांना!"

आता एकनाथराव गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी हेमंतला टॉर्च फरशीलगत आडवा धरायला लावला. कोपऱ्याकोपऱ्यात मणी लुकलुकू लागले. ते एकेक मणी खेळातल्या दोन पत्त्यांमध्ये ढकलत, ड्रॉपरनं उचलत आणि पाणी घातलेल्या बरणीत सोडत. बारीक ठिपके चिकटपट्टीनं टिपत. हात चालू, तोंडही चालू.

"साहेब लोकांनी एकदा पाऱ्याच्या वाफेचा प्रयोग केला. माझ्या काही पोरी साध्या हवेच्या काचपेटीत, काही वाफेच्या. रोज ठरलेला वेळ. ज्यांना जास्त वाफ दिली, त्यांना पिल्लं कमी झाली, झाली ती हलकी. काही तर पोटातच विरली."

हेमंतनं नकळत टॉर्च त्यांच्याच तोंडावर वळवला.

"सरळ धरा. थोडी वाफ घेतलेल्या गंगूची पिल्लं मात्र गोंडस. मी पेढे वाटायचा बाकी. मग त्यांना गल्ल्यागल्ल्यांच्या पेटीत सोडलं, खाऊ शोधायला. साध्या हवेतल्या पोरींची पिल्लं एकदा खाल्लेल्या गल्लीत परत जात नव्हती. गंगूची पुन्हा पुन्हा त्याच रिकाम्या गल्लीत. सुलतान बाजारात चुकलेल्या पाहुण्यासारखी. वाफ आईच्या नाकातून रक्तात, रक्तातून बाळाच्या मेंदूत. तिला ना वास, ना रंग. गंगूला तर कळलंही नाही."

"काका, मेधाला… बाळाला…"

"पारा घरात आहे, बाई बाहेर आहे. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच."

"मग एक करू. तिला सांगू, पेस्ट कंट्रोल केलंय."

एकनाथरावांनी मान वर केली. "हेमंतराव, तुम्हीच सांगायचं. आणि खरं."

सहाला मेधा फाटकात उभी राहिली. हेमंतनं कपडे बदलून, हात धुऊन, फाटकातच सगळं कबूल केलं. आजोबांच्या यंत्रापासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत. मेधा ऐकत राहिली, मग म्हणाली, "मला चकित करायचं होतंस ना? झाले." तिनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याही हेच म्हणाल्या, घरात जाऊ नका. तोवर सुशीलाबाईंनी तिची पर्स काढून घेतली होती. "चल गं माझ्याकडे. घरात उंदीर नाहीत, आधीच सांगते."

आठ दिवस मेधा सुशीलाबाईंकडे राहिली आणि बगारा बैंगन हाणत राहिली. हेमंतची रवानगी त्यांच्याच गच्चीवरच्या खोलीत. तो रोज दोनदा घराच्या खिडक्या तपासायला जाई आणि दर तासाला मेधाला पाणी, उशी, पंखा विचारायला खाली येई. चौथ्या दिवशी मेधानं त्याला जिन्यातूनच परतवलं.

आठव्या दिवशी एकनाथरावांच्या हाताखाली तयार झालेला विकास हवेतला पारा मोजायचं यंत्र घेऊन आला. सोफ्याखाली, दाराशी, पलंगापाशी त्यानं ते फिरवलं आणि आकडा दाखवला. हवा स्वच्छ होती. बरणी घेऊन तो संस्थेत जमा करायला गेला. मेधा आपल्या घरात शिरली, खिडकीशी बसली आणि एकदम ओरडली, "अरे, लाथ मारली बाळानं!"

हेमंतचे डोळे भरून आले. आता काहीतरी करायलाच हवं, असं त्याला आतून वाटलं. दारात कढीपत्ता द्यायला आलेल्या एकनाथरावांचा त्यानं हात धरला.

"काका, तुम्ही एवढी बाळंतपणं केलीत. बाळ येईपर्यंत बापानं नेमकं काय करावं, सांगा ना."

एकनाथराव नेहमीसारखे हळूच म्हणाले, "आमच्याकडे मादी गाभण राहिली, की नराला पिंजऱ्याबाहेर काढायचं."