मागची सीट

परभणीत पाहिलेली काळी गाडी मला लगेच पसंत पडली, कारण तिला मागची सीटच नव्हती. आधीच्या मालकाने हौसेने ती काढून टाकली होती आणि एका माणसापुरती गादी ठेवली होती. जुन्या गाड्या विकणारा सारखा सांगत होता, सीट आत ठेवलेली आहे, दोन बोल्ट आवळले की बसते. मी म्हटलं, राहू द्या. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. बायकापोरांचा माणूस, केस पिकलेले, आणि म्हणतो मागची सीट नको.

माझ्याबरोबर पुतणी होती. थोरल्या भावाची, म्हणजे दादाची मुलगी. कृषी विद्यापीठात शिकते, पण गाड्यांमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो गुण बापाचा. तिने ऑइल बोटावर घेऊन पाहिलं, टायरवर नख रोवलं आणि जाहीर केलं की दुसरी पाहिल्याशिवाय ही घ्यायची नाही. दुसरीही तसलीच, बसकी, लांब हँडलची क्रूझर. पण मरून रंगाची, मागे ऐसपैस सीट आणि पाठीला टेकायला गादी असलेली. तिचा मालक देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यात राहत होता. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, उन्हाचं सांगितलं, रजा शिल्लक नाही असंही सांगून पाहिलं. पोरगी ऐकेना.

त्या फाट्याचं नावही मला ऐकवत नाही, हे तिला कसं सांगणार? तीन वर्षं मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो. सेलूला काम निघालं तर रेल्वेने जायचो आणि सेलूच्या पुढे जायचं नाव काढायचो नाही.

दादाची गाडीही क्रूझरच होती. दादा बुटका. बसक्या गाडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकतात म्हणून त्याने ती घेतली होती आणि त्यावरून आम्ही त्याला भरपूर चिडवलं. पण एकदा बसला की ऐट अशी की रस्ता याच्याच नावावर आहे. मागची सीट माझी. मला गाडी येत होती, पण तो असताना हँडल माझ्या हाती कधी आलं नाही. आणि चालवताना तो बोलायचा, अखंड बोलायचा. शाळेतले हेडमास्तर, वहिनीच्या हातचं कालवण, पोरीचं शिक्षण, सगळं. वाऱ्यात निम्मं ऐकू यायचं नाही. मागच्याने फक्त अधूनमधून हूं म्हणायचं. हूं आला नाही की मान अर्धी मागे वळवून विचारायचा, झोपला का रे?

ते हूं माझं अजून सुटलेलं नाही. ऑफिसात पंखा घरघरत असला की मध्येच मी हूं म्हणतो. शेजारच्या टेबलावरचे वर बघतात. बायको पहिल्या वर्षी विचारायची, कोणाला म्हणालात? आता विचारत नाही.

त्या दिवशी आम्ही बहिणीच्या गावाहून परभणीला परत येत होतो. तिने हरभऱ्याचं अर्धं पोतं दिलं होतं, ते आमच्या दोघांच्या मध्ये बांधलेलं. फाट्यावर दोरी सैल झाली म्हणून मी उतरलो. दादा गाडी चालूच ठेवून बसून राहिला. मी पोतं त्याच्या पाठीशी सारलं, दोरी आवळली, आणि घट्ट बसलं का बघायला दोन्ही हातांनी जोर देऊन दाबलं. मागचे शॉकअप खाली गेले. दादाला वाटलं मी बसलो. त्याने क्लच सोडला.

मी हसलो. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. हसलो, कारण एकदा एका लग्नाहून येताना असंच झालं होतं. तेव्हा तो दोन-तीन किलोमीटर माझ्याशी बोलत गेला, आणि परत येऊन शिव्या मलाच दिल्या. घरात तो किस्सा पाहुण्यांना सांगायचा ठरलेला किस्सा होता. आता दुसरा मिळाला, असं म्हणत मी फाट्यावरच्या हॉटेलात बसलो आणि दोन चहा सांगितले. फोन लावत राहिलो. गाडीवर असताना त्याला रिंग ऐकू यायची नाही, हे माहीत होतं, तरी लावत राहिलो. त्याच्या चहावर साय धरली. मग सेलूच्या बाजूने एक ट्रॅक्टरवाला आला आणि हॉटेलवाल्याला सांगायला लागला की पुढं एक मोटरसायकल उभ्या ट्रकखाली गेली.

"समोरून येताना बघायलतो त्याला," तो म्हणाला. "सारखा मागं वळून कायतरी बोलायलता. मागं तर कोणीच न्हवतं."

दवाखान्याच्या दारात वहिनीने मला पाहिलं. तिचा पहिला प्रश्न, "भाऊजी, तुमी कुठं होतात?" मी म्हणालो, फाट्यावर एका मित्राकडे काम होतं, म्हणून उतरलो, दादा पुढे निघाला. एवढं खोटं मला त्या वेळी कसं सुचलं, कोण जाणे. मित्र कोण, काम काय, कोणी विचारलं नाही. दादा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांत मी तेच पुन्हा सांगितलं. लोक म्हणाले, थोडक्यात वाचलास. मी मान हलवली.

तर आता पुतणीबरोबर एस.टी.ने मी त्याच फाट्यावर उतरलो. हॉटेल तिथेच होतं, बाकडंही तेच. मरून गाडीचा मालक गाडी घेऊन आलेला होता, वयस्कर माणूस. जयभीम झाला, चहा झाला. मी चहा घेतला नाही. पुतणीने कागद पाहिले, इंजिनाला कान लावला आणि म्हणाली, काका, एक चक्कर मारून बघू. मी एकट्याने मारतो म्हणेपर्यंत ती मागे बसलीसुद्धा.

सेलूच्या दिशेने निघालो. गाडी चांगली होती, अगदी लोण्यासारखी चालत होती, पण माझं लक्ष पाठीकडे. ती टेकून बसली होती, तिचा स्पर्श मला होत नव्हता. बसलीस ना, मी विचारलं. हो म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना माझी मान आपोआप मागे वळली. समोरून टेम्पो हॉर्न देत अगदी जवळून गेला.

"काका, मी बसलेली हाय," ती म्हणाली. "तुमी पुढं बघा."

मी गाडी बाभळीखाली घेतली आणि उतरलो. तिथे उन्हात उभं राहून मी तिला सगळं सांगून टाकलं. पोतं, दोरी, माझं हसणं, दोन चहा. मित्रबित्र कोणी नव्हता. तुझा बाप माझ्या हूंची वाट बघत मागे वळला, असं मी तिला तोंडावर सांगितलं. आता ही पोरगी पुन्हा काका म्हणणार नाही, असंच मला वाटत होतं.

ती टाकीवरून बोट फिरवत राहिली.

"आईला माहीत हाय," ती म्हणाली. "बाबांचा फोन परत मिळाला तवा त्याच्यावर तुमचे नऊ मिसकॉल होते. निरोप घेऊन उतरलेला माणूस नऊ वेळा फोन लावंल का? आई म्हणली, त्यांना वाटंल तवा सांगतील. आपुन विचारायचं न्हाई."

मला रडू आलं आणि रागही आला. वहिनीचा आला, इतकी वर्षं मला चहा देत होती, ताटात वाढत होती, आणि एक अक्षर बोलली नाही म्हणून. मग माझाच आला. पुतणीने रुमाल दिला आणि विचारलं, गाडी कोणती घ्यायची? मी म्हणालो, हीच.

व्यवहार झाला आणि आम्ही त्याच गाडीवर परभणीला निघालो. फाटा मागे पडल्यावर ती बोलायला लागली. परीक्षा, मैत्रिणी, प्रोफेसर, आईचे गुडघे. वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं. मी समोर बघत हूं, हूं करत राहिलो. पुढे ती जागा आली. ट्रक उभा होता ती. तिथे ती गप्प झाली, आणि एकाएकी मला मागचं वजनच जाणवेनासं झालं. गाडी हलकी झाल्यासारखी वाटली. मान वळायला लागली होती. मी ती तशीच धरली आणि मोठ्याने विचारलं, "हूं?"

मागून आलं, "हूं."

आवाज जरा जाड वाटला. वाऱ्यामुळे असेल. मी मागे पाहिलं नाही.