सुतकातली हळद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. केली त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून असेल. किंवा परवा गावी, शिरड शहापूरला, जाऊन आल्यापासून एका जागी बसवत नाही म्हणून. चहा ठेवते, तो आटून जातो, पुन्हा ठेवते.

आधी कामाचं सांगते. ते सोपं आहे ना, म्हणून तेच आधी तोंडात येतं.

यकृतावर चरबी चढण्याचा आजार असतो. दारूच्या थेंबाला न शिवलेल्यांनाही होतो. आपल्या जेवणातल्या हळदीत, जवसात, आंबाडीत जी द्रव्यं असतात, ती यकृतातली काही जनुकं चालू-बंद करतात का, हे आम्हाला पाहायचं होतं. आमच्या अभ्यासात फक्त हळद होती. गावात मी ते असं समजावायची — विहिरीवरची मोटार तीच राहते, पण स्टार्टर किती वेळ चालू ठेवला, त्यावर पाणी किती येणार ते ठरतं. चरबी बनवणारी मोटार सगळ्यांच्याच पोटात आहे. हळद तिच्या स्टार्टरला हात लावते का, एवढाच प्रश्न. त्यावर गयाकाकू हसली होती. "मंग तर आमच्या मोटारी कवाच बंद पडल्या असत्या की गं. आमी तर हळदीतच जलमलो."

गयाकाकू माझी सख्खी चुलती. तिच्याही यकृतावर चरबी निघाली होती, म्हणून मीच तिचं नाव अभ्यासात घातलं. शाळा दुसरीपर्यंत, बाकी सगळी हयात हळद खणण्यात, शिजवण्यात, वाळवण्यात गेली. पण डोकं कसं! कुणाच्या शेताचा धुरा कुठल्या लिंबापासून कुठल्या बाभळीपर्यंत, कुणाचं लेकरू कुठल्या साली झालं — गाव तिला विचारायचं. दोन भाऊ भांडायला लागले की तिसरा म्हणायचा, "गयाकाकूला इचारा." ती सांगेल ते खरं, पुढे कुणी बोलायचं नाही. माझी स्वतःची जन्मवेळ मला तिनंच सांगितली आहे.

तर, तीन महिने रोज एक लहान चमचा हळद आणि चिमूटभर मिरी, तेलात परतून वरणात. प्रत्येकाला एक तक्ता, दर दिवसाचा एक खाना. खाल्ली की बरोबरची खूण करायची. काकूनं पेन बाजूला ठेवला. ती हळदीचं बोटच खान्यात टेकवायची. "पेन खोटा बोलंल, बोट कसं बोलंल?" असं तिचं म्हणणं. कामानं तिच्या बोटांवरच्या रेघा पार झिजल्या आहेत, रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. त्यामुळे कागदावर नुसता गुळगुळीत पिवळा ठिपका यायचा.

तिसऱ्या महिन्यात भावकीतले दगडूआबा गेले. सुतक आलं. तेरवीपर्यंत चुलीवर ना फोडणी, ना हळद. आता मला सांगा, हळदीवर अभ्यास आखताना हे कुणाच्या डोक्यात यायला हवं होतं? शहरातल्या सरांच्या? मी त्या घरात वाढलेली पोर! मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले, त्यांच्या पंगतीत बसून ते पांढरंफटक वरण खाल्लं. आणि तेव्हाही — शपथेवर सांगते — तक्ता आठवला नाही.

आठवला तो हातात आला तेव्हा. ओळीनं बारा खाने कोरे. आठवड्याहून जास्त खाडा झाला तर नाव गाळायचं, असा नियम. आधीच काहींची नावं गळली होती आणि सर माझ्यावर वैतागले होते. नाव न गाळता नुसतं 'सुतक' असं लिहून सरांपुढे ठेवलं असतं तर? कदाचित ते म्हणाले असते, बरं झालं, हळद थांबल्यावर काय होतं तेही बघू. कदाचित चिडले असते. मी विचारलंच नाही.

भर दुपारी, घरातल्या टेबलावर, वाटीत हळद घेतली. तेलाचा थेंब टाकला. आणि बारा खान्यांत माझं बोट टेकवलं. पहिल्या ठिपक्याला वेळ लागला. सहाव्या-सातव्याला नाही लागला.

कुंपणानंच शेत खाल्लं ते हे. पण थांबा — हे एवढंच असतं तर मी आज तुमच्यासमोर अशी बसले नसते.

शेवटच्या तपासणीत काकूचा यकृताचा आकडा मधल्या तपासणीपेक्षा वाढलेला निघाला. सरांनी तिला बोलावून घेतलं. ती नवं लुगडं नेसून आली होती. सर म्हणाले, तीन महिने रोज हळद घेतलीत, तरी असं का? काकू म्हणाली, "रोज कशी सर? सुतक व्हतं. बारा दिस न्हाई खाल्ली. मी खाने रिकामे सोडले व्हते."

सरांनी तक्ता तिच्यापुढे केला. एकही खाना कोरा नव्हता.

काकूनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. आणि मी म्हणाले — हेच ते, जे सांगायला इतकं लांबवलं — मी म्हणाले, "काकूंच्या लक्षात राहत नाही हल्ली. वय झालंय. तेरवीचं गोडही खाल्लं असेल, तेही विसरल्या असतील."

ती भांडली नाही. माझ्याशी ती कशी भांडेल? आपल्या बोटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "आसंल बाई. माझं मलाच कळंना झालं."

आकडा हळद थांबल्यानं वाढला की दुसऱ्या कशानं, मला माहीत नाही. आता कळणारही नाही, कारण तो शोधायचा धागा मीच पुसला. माझ्या प्रबंधात काकू 'पूर्ण मुदत हळद घेऊनही फरक न पडलेल्यां'मध्ये आहे. तक्ता माझ्या कपाटात आहे. कुणी भिंग धरलं तर दिसेल — बारा ठिपक्यांत रेघा आहेत, बाकीच्यांत नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, सर कपाटाजवळ उभे राहिले तरी मी काहीतरी काम काढून त्यांना तिथून हलवायची. त्यांनी कधी पाहिलं नाही. मला पदवी मिळाली. काकूनं गावभर पेढे वाटले.

त्यानंतर काकू बदलली. धुऱ्याचं विचारायला कुणी आलं की म्हणते, "मला काहून इचारता? माझं डोकं चालत न्हाई बराबर." लोक दोन-तीनदा आले, मग यायचे थांबले. धुऱ्यावरून दोघा भावांचं भांडण आता कोर्टात आहे. काकूची सून मीना म्हणते, आत्यांना अचानक असं कशानं झालं कोण जाणे.

परवा गेले तेव्हा दुपारचं जेवण झालं होतं. काकूनं रोजची गोळी घेतली, मग हळदीच्या डब्यात बोट बुडवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर टेकवलं. अभ्यास संपून वर्षं झाली, पण गोळी घेतली की नाही यावर तिचा स्वतःवर भरवसा नाही, म्हणून ही खूण. सगळं कॅलेंडर पिवळं. तेवढ्यानंही तिचं समाधान होत नाही. "मीने, तू पाह्यलं ना?" तिनं हाक मारली. मीना अंगणात होती, तिला ऐकू गेलं नाही. तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"तू पाह्यलंस ना गं? तुझ्या ध्यानात बराबर राहतं."

मी म्हणाले, "हो काकू, पाहिलं."

तिनं बोट पदराला पुसलं आणि निवांत आडवी झाली.