नवलनानांनी लांबवलेलं काम

मेहरूणच्या वळणावर नवलनानांचं इंजिन-बोअरिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, पिकअप यांची झिजलेली इंजिनं तिथे येतात आणि दुरुस्त होऊन जातात. बायको, कामिनी, गेल्यापासून नाना मागच्या खोलीतच राहतात. मुलगी नाशिकला. रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, औषध घेतलं का, एवढं झालं की दोघांनाही पुढचं सुचत नाही.

दिवाळीनंतर डाळमिलवाल्या दीपचंदशेठचा पुनीत त्यांच्याकडे एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आला. तिला टर्बो बसवायचा होता.

"बसवू," नाना म्हणाले, "पण टर्बो इंजिनात हवा कोंबतो. आतला दाब वाढतो. हे ओतीव पिस्टन तडकतील, रॉड वाकतील. आधी आतून मजबूत करावं लागेल."

"करा, नाना. मला घाई नाही."

कोइमतूरहून घडीव पिस्टन आले, जाडजूड रॉड आले. पुनीत मिल बंद करून रोज संध्याकाळी यायला लागला. घरी गाडीचा विषय काढला की वडील उठून जायचे, म्हणून तो इथे येऊन बोलायचा. घडीव पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून नाना सिलिंडर जरा मोकळा ठेवून घासत होते, आणि पुनीत टॉर्च धरून मिलच्या, लग्नाच्या, कशाकशाच्या गोष्टी सांगत होता. नाना दुपारीच दोघांच्या चहापुरतं दूध आणून ठेवू लागले.

होळीपर्यंत पिस्टन बसले. आता वरचं हेड चढवायचं, टर्बो लावायचा, की झालं.

"पिस्टनच्या रिंगांची फट पुन्हा बघावी लागेल," नाना म्हणाले आणि बसवलेले पिस्टन त्यांनी बाहेर काढले. फट बरोबर होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच पुन्हा केलं.

"नाना, मागच्या वेळी तर बठ्ठं बरोबर होतं ना?"

नाना हातातलं फडकं नुसतंच चुरगाळत राहिले. पुनीतने त्यांच्याकडे पाहिलं आणि टॉर्च उचलला.

"बघू, पुन्हा बघू."

त्या बोलण्याने नाना फार ओशाळले. दुसऱ्या दिवशी पुनीत यायच्या आतच त्यांनी पिस्टन बसवले, हेड चढवलं, एकेक स्टड पान्याने आवळला.

टर्बो लागला. काही दिवस गाडी हळूहळू चालवून झाल्यावर पुनीत त्यांना एरंडोलच्या रस्त्याला घेऊन गेला. मोकळा रस्ता दिसताच त्याने पाय दाबला. नानांची पाठ सीटला चिकटली. ते डोळे मिटून ऐकत होते. कुठे ठकठक नाही, खरखर नाही.

परतताना पुनीत म्हणाला, "नाना, मी पुण्याला राहायला चाललो. मिलचं तिथलं गोडाऊन मला बघायचंय."

"कधी?"

"या महिन्यातच. पण इंजिनाचं काही निघालं तर गाडी तुमच्याकडेच आणीन."

"काही निघणार नाही," नाना म्हणाले. खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पळत होत्या. वर्कशॉप जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "चहा घेऊन जाशील ना?"

"आज नको, नाना. घरी वाट बघताहेत."

पुनीतने त्यांना वर्कशॉपच्या दारात सोडलं. गाडी हायवेकडे वळली. तिचा आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळेपर्यंत नाना उभे होते. मग त्यांनी शटर वर केलं. आत ट्रॅक्टरच्या इंजिनांचे दोन ब्लॉक थांबले होते. त्यांनी जवळचा ओढला आणि मापायला घेतला.