अहिराच्या डोळ्यांना ओवाळलं

गोजरबाईंचं अर्धं आयुष्य कोयत्यामागे गेलं. घर पाथर्डीकडचं, दसरा झाला की बिऱ्हाड ऊसतोडीला निघायचं. त्याआधी खंडेनवमीला कोयता धुऊन, हळदकुंकू लावून ओवाळायचा, नाहीतर तो हातावर उलटतो, असं आई सांगायची. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्या केडगावात खोली घेऊन नगरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडलोटीला लागल्या.

तिथे निकिता माशांच्या डोळ्यांवर पीएचडी करत होती. कोण कशाच्या मागे लागेल, नेम नाही. पण पोरगी गुणाची. डब्यातलं गोजरबाईंना दिल्याशिवाय घास घेत नसे. अहीर म्हणजे सापासारखा लांब मासा. तो नदीत वाढतो आणि उतारवयात अंडी घालायला समुद्राकडे निघतो. निघण्याआधी त्याच्या डोळ्यांतला उजेड टिपणारा रंग पालटतो, खोल निळ्या पाण्यात दिसावं म्हणून. तो पालटलेला रंग निकिताला मोजायचा होता. मुळा धरणावर मासे धरणाऱ्या भोयांनी वर्षानुवर्षं वाट पाहायला लावून तसा एक अहीर आणून दिला आणि वर बजावलं, "आता दुसरा गावायचा न्हाई." धरणाची भिंत झाल्यापासून समुद्रात जन्मलेली पिल्लं नदीत वर येतच नाहीत.

रंग मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून डोळे काढून काळ्या डबीत, अंधाऱ्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवले. उजेड लागला की तो रंग उडतो. जिवंत डोळ्यात परत भरतो, काढलेल्या डोळ्यात भरत नाही. तिथे ट्यूब लावायची नाही, असं निकिताने बजावलं होतं, म्हणून गोजरबाई त्या रंगाला न बाधणाऱ्या मिणमिणत्या लाल दिव्यातच झाडू मारायच्या.

यंत्र परत आलं आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. निकिता राहुरीला घरी गेलेली. पोरीचं काम सारखं अडतंय, हे गोजरबाईंच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी यंत्राला झेंडूची माळ घातली, मग डबी काढून उघडली. झाकल्या वस्तूला ओवाळून काय उपयोग? ट्यूब त्यांनी लावली नाहीच. तुपाचं निरांजन होतं. देवाच्या ज्योतीला कुणी लाइट म्हणतं का?

दसऱ्यानंतर निकिताने मोजायला घेतलं. रंग असता तर यंत्राच्या पडद्यावरच्या रेघेला उंचवटा आला असता, पण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट गेली. तिने पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. मग डबीच्या कडेची हळद तिला दिसली.

"मावशी, डबी कुणी उघडली?"

"म्या, ताई. तुमच्या कामाला यश यावं म्हनून ववाळली. लाइट न्हाई लावली, निस्तं निरांजन हुतं."

निकिताने डबीचं झाकण लावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पाहून गोजरबाईंना सगळं कळलं.

"म्या धरनावर जाते. भोयांच्या पाया पडते. दुसरा घावंल की."

"नाहीये, मावशी. दुसरा नाहीये."

गोजरबाईंनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. निकिताने त्यांचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, मग उठून भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब फडफडून लागली. खोलीभर पांढरा उजेड पडला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "तुम्हाला झाडायला बरं पडेल."