उरलेली हवा

करीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटंजीतल्या आमच्या बँडच्या दुकानापुढे ताशा शेकत बसलो होतो. "सकाळी चहा पिऊन राह्यले होते, अन् एकदम दम लागला…" भाभी एवढंच बोलल्या. मला ते खरंच वाटेना. नागपूरच्या मशीनमध्ये तर त्यांचं फुप्फुस चारचौघांपेक्षा मोठं निघालं होतं!

ते क्लॅरिनेट वाजवायचे, मी ताशा. अलीकडे जिना चढला की त्यांना धाप लागायची. मुलीच्या, शबानाच्या, पाठवणीला स्वतः वाजवायचं हा त्यांचा हट्ट, म्हणून मीच त्यांना तपासणीला नेलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी. तपासणारी मुलगी ओरडत होती, "काका, जोरात सोडा, सगळी हवा एकदम!" पण हा जन्मभर श्वास पुरवून वापरत आलेला माणूस. लांब सूर लावावा तशी बारीक, संथ हवा सोडत राहिला. वर तिलाच म्हणाला, "बेटा, सगळी एकदम सोडली तं पुढच्या ओळीले काय उरन?" तिनं कपाळाला हात लावला. शेवटी काचेच्या पेटीत बसवून मोजलं. डॉक्टर म्हणाले, कितीही फुंकलं तरी प्रत्येकाच्या छातीत थोडी हवा उरतेच; यांच्या छातीत मात्र फारच अडकून राहते, त्यानं फुप्फुस फुगलंय, वाजवणं जपून करा. आम्ही दोघांनी मनावर घेतलं ते 'मोठं' एवढंच. गावात उतरल्या उतरल्या करीमभाईंनी पेढे घेतले.

पाठवणीला त्यांनी वाजवलं. शेवटचा सूर इतका लांबवला की माझा ठेका चुकला. पुढे काही आठवड्यांतच गेले. ज्याच्या छातीतली हवा बाहेर पडत नव्हती, त्यानं तो सूर आणला कुठून? डॉक्टरांना विचारून आलो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, मी मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर पुन्हा तिथंच. राग येतो, पण मशीनचा, डॉक्टरांचा की पेढ्यांचा, तेही कळत नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. भाभींनी क्लॅरिनेट माझ्या हाती दिलं. फुंक फुंक फुंकलं… सूर कसला, नुसती फुसफुस. धापा टाकत मी म्हणालो, "भाभी, संपली माही हवा."

"थोडी राह्यतेच म्हणत होते ते," त्या म्हणाल्या. मग पदरानं क्लॅरिनेट पुसून त्यांनी पेटीत ठेवलं. झाकण लावलं नाही.