विलायती गवर

आमच्या तळ्यावरच्या किश्श्यांचं आणि त्या जांभळ्या फुलाचं एकच. आज एक सोडा, आठवड्यानं दहा तरंगतात! बायका धुणं आपटता आपटता सांगतात, मी माझ्या लेकावर, बाळूवर, डोळा ठेवून ऐकते.

फूल आणलं दिनूभावजींनी. हे आमचे शेजारी, मुंबईला गिरणीत असतात. गणपतीला बोटीनं दासगावला उतरले आणि नाते गावाजवळच्या आमच्या वाडीपर्यंत रॉकेलचा डबा डोक्यावर घेऊन आले. डब्यात पाणी, पाण्यावर तरंगतं झाड! "साहेबाच्या बंगल्यातलं हाय. विलायती!"

आम्हा साऱ्यांच्या गवरी तेरड्याच्या. दिनूभावजींच्या बायकोच्या, गंगूवयनींच्या, गवरीला मात्र जांभळा तुरा. आम्ही नुसत्या जळत होतो! विसर्जनाला गवरीबरोबर ते झाडही मुळासकट तळ्यात गेलं. रीतच ती.

उन्हाळा येईतो तळं हिरवंगार. पाणी दिसेचना! काशीकाकीची म्हैस कुरण समजून चालत गेली ती गडप. वर नुसती शिंगं! चौघांनी दोर लावून ओढली. काकी म्हणाली, "एवढी शहाणी म्हस माझी, तिला तळं कळलं नाय. मग ह्या दिनूला काय कळणार!"

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. बाळू नुकता पळायला लागला होता, आणि तळ्याकडे बोट दाखवून "शेत, शेत" म्हणायचा.

दुसऱ्या दिवसापासून जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला आणि दुसरं टोक माझ्या. "काय गो, वासरू चरायला आणलंस?" काकीनं विचारलं.

"हो, आणि दावं सुटायचं नाही!"

दिनूभावजी शिमग्याला आले तेव्हा त्यांनाही लाज वाटली असावी. "रॉकेल ओततो, जळून जाईल." गंगूवयनी कडाडल्या, "आन् मग मी घागर भरू का दिवा भरू?"

उपटावं, तर धोंडूकाका आडवे. वाडीचे गावकर, त्यांचा शब्द मोडायचा कसा? "गवरीचं हाय ते. पाण्यात सोडलेलं वर काढलं तर गवर रुसंल!"

"रुसलीच हाय," काकी पुटपुटली, "म्हणून तर तळ्यावर बसलेय पसरून!"

पुन्हा गणपती आले. गवर आणायच्या दिवशी आम्ही साऱ्या कोयते, दोर, टोपल्या घेऊन निघालो. काका वाटेतच उभे. पट्टीच्या टोकाला बाळू होता, मी पुढे झाले. विचारलं, "काका, गवर आणायची कुठून?"

"तळ्यावरनं. आजापणजापासनं!"

"मग तीच आणायला चाललोय. औंदा सगळी आणतो!"

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आणा. पण हळदकुंकू लावून. अशी नाय आणायची."

"एवढं कुंकू महाडच्या बाजारात तरी मिळंल काय?" म्हणत काकीनं दोरालाच कुंकवाचा पट्टा ओढला. "ह्या दोरानं येतील त्या साऱ्या गवरी!"

गवर घरात होती तोवर आम्ही ओढत होतो. फुगड्या नाहीत, झिम्मा नाही, नुसती गाणी आणि दोर. शेवटी पुरुषही चिखलात उतरले, धोंडूकाका सगळ्यांत पुढे! परत पाण्यात गेला तो फक्त तेरडा. बाकीचे ढीग माळावर सुकले, आणि उन्हाळ्यात राबाला, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, पसरून जाळले. त्या साली भाताची रोपं अशी तरारली की काका म्हणाले, "बघा, गवर पावली!" जशी काही युक्ती त्यांचीच!

तळं उघडं झालं त्या दिवशी मी बाळूची पट्टी सोडली. तो काठापर्यंत धावला. थांबला. खडा टाकला. डुबुक! आणि उलटा पळत येऊन माझ्या मांड्यांना बिलगला. "आये, पानी!"

ह्या गणपतीला आम्ही तळ्यावर धुणं धूत होतो. चढावरून दिनूभावजी येताना दिसले. डोक्यावर डबा!

गंगूवयनींनी ओलं लुगडं दगडावर ठेवलं, पदर खोचला. "बाळूच्या आये, ती पट्टी हाय काय गो अजून? औंदा दुसरं वासरू बांधायचं हाय!"

मी धुण्यातून काढून दिली.