न ऐकता दिलेली कबुली

मेहकरला वकिली सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं. महाराष्ट्र राज्यही तेव्हा नवंच होतं. ज्याला वकील लावायची ऐपत नाही, त्याचं काम नव्या वकिलांनी फुकट चालवायचं, असं आम्ही आपसात ठरवलं होतं. माझ्या वाट्याला आला बीबी गावाकडचा एक विहिरी खोदणारा मजूर. मळ्यातून पितळी घागर चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता.

पुकारा व्हायच्या आधी कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला दहाएक मिनिटं भेटलो.

"घागर तुझीच होती?"

"हाव."

"साक्षीला आहे कोणी?"

"हाव."

"कोण?"

"हाव," म्हणून तो हसला.

मला वाटलं, बिचकलाय. मी पुढे काही विचारलं नाही.

मॅजिस्ट्रेटनी आरोप वाचून विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" तो लगेच "हाव" म्हणाला. मी उठायला हवं होतं. उठलो नाही. उलट काम लवकर आटोपलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं. तीन महिन्यांची शिक्षा झाली. शिपायानं त्याचा दंड धरला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. काय झालं, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. मी कागद आवरत राहिलो.

दुपारी त्याची बायको धापा टाकत आली. सकाळची एसटी चुकली होती.

"वकीलसाहेब, त्याले ऐकू येत नाही हो. विहिरीत सुरुंग फुटला, तवापासून दोन्ही कान गेले."

"मग तो हो का म्हणाला?"

"तो सगळ्यायलेच हाव म्हणते. काय म्हणलं म्हणून इचारलं का लोक खेकसतेत. घागर माह्या माहेरची हाय, साहेब. माह्या भावाले इचारा."

मी खुर्चीत बसूनच राहिलो. तिला बस म्हणायचंही सुचलं नाही.

वरच्या कोर्टात अर्ज करायचा ठरला. माझे ज्येष्ठ वकील म्हणाले, "वकिलाच्या लक्षात आलं नाही, हे लिहावं लागेल. तुझ्याच हातानं." मी लिहिलं. तिच्या भावाची साक्ष, डॉक्टरचा दाखला, सगळं जोडलं. तो निर्दोष ठरला, शिक्षा रद्द झाली, पण तोवर तो तीन महिने भोगून बाहेर पडला होता.

निकालाची नक्कल घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. झोपडीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "चोराले कोन काम देते, साहेब? गेले दोघं जालन्याकडं."

गावातल्या चार माणसांना मी तो निकाल मोठ्यानं वाचून दाखवला. ऐकून ते आपापल्या कामाला गेले.

नंतर वर्षानुवर्षं मी प्रत्येक अशिलाच्या पाठीमागे उभा राहून आधी त्याला हाक मारून बघत असे. वकिली सोडून आता बरीच वर्षं झाली. अजूनही एखादं माणूस नुसतं हसून मान डोलावतं, तेव्हा मी तेच त्याला पुन्हा मोठ्यानं विचारतो. तो निर्दोष ठरला, हे त्याला कोणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही.